आजीची गोष्ट कोणत्या भाषेत लिहायची?

आजी हाताने खूण करते आणि नात तिच्या मागोमाग निघते. काळ्या स्वयंपाकघरातून कोठीघरात. वरच्या कमानीला वर्षानुवर्षांच्या धुराची राळेसारखी पुटं चढलेली, खाली धुरावलेल्या मांसाचा वास. ऑस्ट्रियातल्या स्लोव्हेनभाषक लेखिका माया हादरलाप यांच्या कादंबरीची सुरुवात ही अशी. आजीच्या मागे फिरणाऱ्या कोणत्याही पोरीची वाटावी अशी. ही आजी नाझींच्या राव्हेन्सब्र्यूक छळछावणीतून जिवंत परतली आहे, हे वाचकाला हळूहळू कळत जातं.

आजी स्लोव्हेन बोलते, नातही स्लोव्हेनच बोलते. कादंबरी मात्र जर्मनमध्ये लिहिलेली आहे. 'एंगेल डेस फेरगेसन्स', म्हणजे 'विस्मृतीचा देवदूत'. २०११ साली ती आली आणि त्याच वर्षी तिच्यातल्या एका उताऱ्याला इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार मिळाला. जर्मन भाषेतल्या साहित्यविश्वात ही स्पर्धा म्हणजे मोठा मान. लेखकाने परीक्षकांसमोर बसून वाचायचं, परीक्षकांनी त्याच्या तोंडावर चर्चा करायची आणि हे सगळं टीव्हीवर थेट दिसायचं. आपल्याकडे असं काही सुरू केलं तर निम्मे लेखक आजारी पडतील, पण ते असो.

पुरस्कारानंतर एक प्रश्न हादरलाप यांच्या मागे लागला. स्लोव्हेनियात तो जास्त टोचून विचारला गेला: हे जर्मनमध्ये का? आणि प्रश्न अगदीच अवाजवी नव्हता. हादरलाप मूळच्या कवयित्री, आणि त्यांची कविता स्लोव्हेनमधली. 'झालिक पेस्मी' हा पहिला संग्रह १९८३ चा, दुसरा 'बायालित्से' १९८७ चा. या दुसऱ्या संग्रहाला तिकडचा प्रतिष्ठेचा प्रेशेरेन निधी पुरस्कार मिळाला होता. ऑस्ट्रियातल्या स्लोव्हेन लेखकांच्या 'म्लादये' या नियतकालिकाच्या त्या संपादक होत्या. थोडक्यात, मूठभर लोकांनी तगवून धरलेल्या एका भाषेचं हे हाती आलेलं पीक होतं. ऐन कापणीच्या वेळी ते शेजाऱ्याच्या खळ्यात गेलं, असं कुणाला वाटलं तर त्याला वेडा ठरवता येणार नाही.

तरीही माझं मत असं की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला इथे चुकीचा माणूस निवडला गेला. भाषा मरते तेव्हा तिचा पंचनामा लेखकांच्या घरी होतो आणि ज्यांनी ती मारत आणली त्यांच्या घरी कुणी जात नाही. हे पटवायचं तर आधी तो प्रदेश पाहावा लागेल.

ऑस्ट्रियाच्या दक्षिण टोकाला केर्न्टन हा प्रांत आहे. स्लोव्हेन त्याला कोरोश्का म्हणतात. त्याच्याही दक्षिणेला, डोंगरापलीकडे स्लोव्हेनिया, म्हणजे हादरलाप लहान असताना युगोस्लाव्हिया. त्यांचा जन्म १९६१ चा, सीमेलगतच्या एका गावचा. जर्मनमध्ये गावाचं नाव आयझेनकापेल, स्लोव्हेनमध्ये झेलेझ्ना काप्ला. दोन्हींचा अर्थ एकच, लोखंडी प्रार्थनामंदिर. जवळच्या लेपेना दरीत त्यांच्या कुटुंबाची शेती.

पहिल्या महायुद्धानंतर हा पट्टा ऑस्ट्रियाचा की नव्या युगोस्लाव्ह राज्याचा यावर भांडण लागलं, आणि १० ऑक्टोबर १९२० ला सार्वमत झालं. मतदान झालेल्या भागात स्लोव्हेन बोलणारे बहुसंख्य होते, तरी ५९ टक्के मतं ऑस्ट्रियाच्या बाजूने पडली. म्हणजे हजारो स्लोव्हेनांनी आपण होऊन ऑस्ट्रिया निवडला. त्याचं बक्षीस काय मिळालं? १९१० च्या जनगणनेत या प्रांतात ६६ हजारांवर लोकांनी आपली भाषा स्लोव्हेन सांगितली होती. २००१ मध्ये तसं सांगणारे साडेबारा-तेरा हजार उरले.

या उतरणीवरचा सर्वांत भीषण टप्पा १९४२ च्या एप्रिलचा. नाझींनी स्लोव्हेन शेतकरी कुटुंबं घरातून उचलून जर्मनीतल्या छावण्यांत नेली. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सगळी. रिकाम्या घरांत दुसऱ्यांना बसवलं. मागे राहिलेल्यांतले अनेक जण जंगलात जाऊन पार्टिझान, म्हणजे नाझींशी लढणारे गनिमी सैनिक झाले आणि त्यांना भाकरी पुरवणाऱ्या बायका पकडल्या गेल्या. हादरलाप यांच्या कादंबरीतली आजी त्यातलीच एक. आणि नातीचा बाप? तो तेव्हा दहा-बारा वर्षांचा पोर. त्याचा बाप जंगलात कुठे आहे हे काढून घेण्यासाठी पोलिसांनी त्याला झाडाला टांगलं. पोर बोललं नाही. मग तेही जंगलात गेलं. पुढे हा मुलगा मोठा होऊन शेतकरी होतो, दारू पितो, रात्री-बेरात्री घर सोडून जीव द्यायला निघतो, आणि त्याची पोरगी भेदरून त्याच्या मागे धावते. युद्ध संपून वीसेक वर्षं झालेली असतात. त्या घरात ते संपलेलं नसतं.

इथे एक राजकीय विनोद आहे, आणि माझ्या मते अख्ख्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटलं. पण सोबत एक अट जोडली: शेवटचा हिशोब करताना ऑस्ट्रियाने स्वतःच्या मुक्ततेसाठी स्वतः काय केलं हेही पाहिलं जाईल. आता ऑस्ट्रियाच्या भूमीवर नाझींविरुद्ध दीर्घकाळ चाललेला सशस्त्र लढा कुणाचा, तर प्रामुख्याने या स्लोव्हेन पार्टिझानांचा. देशाला दाखवायला तो उपयोगी पडला. १९५५ चा राज्य-करार झाला, ऑस्ट्रिया स्वतंत्र झाला, आणि केर्न्टनमध्ये मात्र हेच पार्टिझान देशद्रोही आणि लुटारू म्हणून ओळखले जात राहिले. 'लुटारू' हा शब्द नाझींचाच. तो तेवढा शांततेच्या काळातही चालत राहिला.

त्याच करारातलं सातवं कलम स्लोव्हेन आणि क्रोएट अल्पसंख्याकांना हक्क देतं: मातृभाषेतून शाळा, कचेरीत भाषा, आणि गावांच्या दुभाषिक पाट्या. पाट्या लावायला सतरा वर्षं लागली. १९७२ च्या सप्टेंबरात २०५ गावांत त्या लागल्या आणि काही आठवड्यांत जमावाने उखडून टाकल्या. पोलिसांसमोर. तेव्हा चान्सलर होते ब्रुनो क्रायस्की. (पुढे त्यांच्याच नावाचा, राजकीय पुस्तकासाठीचा पुरस्कार हादरलाप यांच्या कादंबरीला मिळाला. इतिहासाला असले चिमटे काढायची हौस असते.)

ऑस्ट्रियातली गावाची पाटी साधी असते: पांढरी, निळ्या काठाची, काळ्या अक्षरांची. तिथून वेगमर्यादा सुरू होते. रुडी वौक या स्लोव्हेन वकिलाने याचाच उपयोग केला. एका गावातून मुद्दाम मर्यादेपेक्षा जोरात गाडी नेली, दंड ओढवून घेतला आणि कोर्टात सांगितलं, पाटी एकाच भाषेत आहे, म्हणजे ती कायद्याने नीट लावलेलीच नाही, मग मर्यादा कसली? प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१ च्या डिसेंबरात न्यायालयाने निकाल दिला की दहा टक्के स्लोव्हेन वस्तीही दुभाषिक पाटीला पुरेशी आहे. प्रांताचे प्रमुख तेव्हा योर्ग हायडर. त्यांनी निकाल मानला नाही. एकदा तर त्यांनी पाट्या काही मीटर सरकवून नव्याने रोवल्या, म्हणजे ही पाटी न्यायालयाने सांगितलेली 'ती' पाटीच नव्हे. असली हुशारी आपल्याला नवी नाही.

अखेर २०११ च्या जुलैत तडजोडीचा कायदा झाला. १६४ गावं, आणि साडेसतरा टक्क्यांचा निकष. कराराला तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती. त्याच जुलैत, त्याच प्रांताच्या राजधानीत, क्लागेनफुर्टमध्ये, माया हादरलाप कॅमेऱ्यांसमोर आपला उतारा वाचत होत्या आणि बाखमान पुरस्कार घेत होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती? स्लोव्हेनांना ती सांगायची गरज नव्हती. त्या दरीतल्या घरोघरी ती होती. शेजारीण घरी आली की छावणीचा विषय निघायचा, मयताला माणसं जमली की जंगलाचा विषय निघायचा. स्लोव्हेनमध्ये आठवणी लिहिल्याही गेल्या होत्या. ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक करून घ्यायची नव्हती, ती शेजारच्या जर्मनभाषकाला. पाटी उखडणाऱ्याला, उखडताना बघत राहिलेल्याला, आणि व्हिएन्नात बसून 'ते दक्षिणेकडचं काहीतरी भांडण आहे' असं म्हणणाऱ्याला. त्याच्या घरात शिरायचं तर त्याच्या भाषेतूनच. अनुवादातून जाता आलं असतं, असं कुणी म्हणेल. पण अनुवाद झाला की ते 'त्यांचं' साहित्य होतं. पाहुण्यासारखं आदराने वाचून बाजूला ठेवता येतं. जर्मनमध्ये लिहिलेली कादंबरी ऑस्ट्रियाला परत करता आली नाही. ती त्यांच्या दप्तरात त्यांच्याच भाषेत दाखल झालेली तक्रार होती.

दुसरं कारण हादरलाप यांनी स्वतः दिलं आहे: जर्मनने त्यांना अंतर दिलं. मला हे आधी पुस्तकी उत्तर वाटलं होतं. इंग्रजी अनुवादानंतर माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनने मूळ पुस्तकाशी झटापट केली, तेव्हा त्यातलं तथ्य लक्षात आलं. ज्या भाषेत बाप रात्री ओरडायचा, त्याच भाषेत ते ओरडणं कागदावर उतरवायचं म्हणजे पुन्हा त्या अंगणात जाऊन उभं राहायचं. जर्मन इथे हातमोज्यासारखी वापरली आहे. निखारा हातात घ्यायचा आहे, पण हात जाळून घ्यायचा नाही. आणि ती वापरताना स्लोव्हेन पूर्णपणे सोडलेलीही नाही. मधेमधे ती तशीच येते, एखादा शब्द, एखादी ओळ.

इथवर माझी बाजू सोपी होती. अवघड माणूस आता येतो. फ्लोरियान लिपुश. जन्म १९३७ चा, त्याच आयझेनकापेलच्या परिसरातला. पार्टिझानांच्या वेशात आलेल्या पोलिसांना जेवू घातलं, या 'गुन्ह्या'साठी त्यांच्या आईला पकडून नेलं आणि राव्हेन्सब्र्यूकला मारलं. मुलगा सहा-सात वर्षांचा होता. म्हणजे जखम तीच, दरीसुद्धा जवळपास तीच. या माणसाने आयुष्यभर फक्त स्लोव्हेनमध्ये लिहिलं. 'म्लादये'च्या संस्थापकांपैकी ते एक. जर्मन येत नव्हती असं मुळीच नाही. त्यांच्या कादंबरीचा जर्मन अनुवाद १९८१ मध्ये ऑस्ट्रियन लेखक पेटर हांडके यांनी हेल्गा म्राच्निकार यांच्यासह केला. हांडके यांची आई केर्न्टनमधल्या स्लोव्हेनांपैकी. मुलगा जर्मनमध्ये वाढला आणि मोठेपणी आईच्या भाषेकडे असा अनुवादाच्या वाटेने परतला.

लिपुश यांच्याकडे बोट दाखवून कुणी म्हणालं की, बघा, टिकून राहता येतं, तर त्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हणेन, येतं, आणि त्याची किंमतही बघा. ऑस्ट्रियाचा साहित्याचा सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार लिपुश यांना २०१८ मध्ये मिळाला. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. जर्मनमध्ये न लिहिणाऱ्या लेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. ज्या देशाने करारात स्लोव्हेनला आपल्या नागरिकांची भाषा म्हणून मान्य केलं, त्याला त्या भाषेतलं साहित्यही आपलंच आहे हे उमगायला त्रेसष्ट वर्षं लागली. लिपुश यांचा हट्ट मला हादरलाप यांच्या निर्णयापेक्षा मोठा वाटतो, हे कबूल करतो. पण हट्ट हा हट्ट करणाऱ्याचा स्वतःचा असतो. एकाने दिव्य केलं म्हणून दुसऱ्याकडून ते वसूल करता येत नाही.

मराठीत हा वाद आपण खेळून झालो आहोत, तोही फारशा उदारपणे नाही. किरण नगरकरांनी १९७४ साली 'सात सक्कं त्रेचाळीस' लिहून मराठी कादंबरीला हादरा दिला आणि पुढे 'रावण अँड एडी'पासून ते इंग्रजीचे झाले. आपण काय केलं? मराठीतली त्यांची कादंबरी कितीजणांनी विकत घेऊन वाचली होती, हा हिशोब न मांडता 'इंग्रजीत गेले' एवढं वाक्य जपून ठेवलं. अर्थात ही तुलना फार ताणणार नाही. इंग्रजी ही नगरकरांच्या बापाला टांगणाऱ्या पोलिसांची भाषा नव्हती, आणि मराठी ही काही एका प्रांतात बारा-तेरा हजारांवर आलेली भाषा नव्हे. पण सोडून गेलेल्याला विचारण्याआधी घरात त्याच्यासाठी पाट मांडला होता का, हे पाहायचं आपल्याला सुचलं नाही, हे साम्य खरंच आहे.

बेळगावकडच्या वाचकाला तर १६४ पाट्यांची गोष्ट समजावूनही सांगावी लागणार नाही. तिथे भांडण पंधरा टक्क्यांवर चालतं, केर्न्टनमध्ये दहा की साडेसतरा की पंचवीस यावर चाललं. टक्का कोणताही धरा, तो ठरवणारा नेहमी दुसरा असतो.

म्हणून मला वाटतं, भाषेचं देणं कुणाच्या खात्यावर मांडायचं ते नीट ठरवलं पाहिजे. केर्न्टनच्या दक्षिण भागात १९४५ नंतर सगळ्याच मुलांना दोन्ही भाषांतून शाळा होती. १९५८ मध्ये ही सक्ती उठली. त्यानंतर मुलाला स्लोव्हेन हवी असेल तर पालकांनी नाव नोंदवायचं. वरवर किती लोकशाही! पण जिथे सरपंच, कारखानदार, सावकार, पोलीस सगळे जर्मनभाषक, तिथे नाव नोंदवणं म्हणजे आपण 'ते' आहोत हे लिहून देणं. पंधरा वर्षांपूर्वी अशीच 'ते' असलेली कुटुंबं छावण्यांत नेली गेली होती. पालकांनी धडाधड मुलांची नावं काढून घेतली. एका भाषेचे वाचक असे एका अर्जाच्या नमुन्याने कमी होतात. आणि मग पन्नासेक वर्षांनी कुणीतरी कवयित्रीला विचारतं, बाई, तुम्ही आपल्या भाषेत का नाही लिहिलंत?

सत्काराच्या बाबतीत मात्र देश उदार झाला आहे. १२ नोव्हेंबर २०१८ ला ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाला शंभर वर्षं झाली, तेव्हा व्हिएन्नाच्या ऑपेरागृहातल्या राष्ट्रीय समारंभात मुख्य भाषण माया हादरलाप यांचं होतं. पार्टिझानाची पोर, छावणीतून परतलेल्या बाईची नात. हा मान खरा आहे, त्याला नाक मुरडणार नाही. फक्त त्यासोबत हेही पाहावं लागतं: आयझेनकापेलजवळच पेर्श्मान नावाचं एक डोंगरी शेतघर आहे. २५ एप्रिल १९४५ ला, युद्ध जवळजवळ संपलेलं असताना, एस.एस.च्या पोलिस तुकडीने तिथे अकरा माणसं मारली. त्यात सात मुलं होती. घर आता संग्रहालय आहे. २०२५ च्या जुलैत तिथे भरलेल्या तरुणांच्या फॅसिझमविरोधी शिबिरावर पोलिसांनी मोठा फौजफाटा नेला, हेलिकॉप्टरसह. त्यावर देशभर टीका झाली. तरी त्या अंगणात पुन्हा गणवेशातली माणसं उतरली, आणि स्लोव्हेनांच्या घरांतून त्या दिवशी कोणती वाक्यं बोलली गेली असतील, याचा अंदाज कादंबरी वाचलेल्या कुणालाही बांधता येतो.

हादरलाप यांच्या निर्णयात नुकसान झालंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. 'लांगर ट्रान्झिट' हा २०१४ चा कवितासंग्रहही जर्मनमध्ये आला, म्हणजे आता कवितासुद्धा पलीकडे गेली. २०२३ च्या 'नाख्टफ्राउएन' या कादंबरीत व्हिएन्नात स्थायिक झालेली मुलगी दक्षिण केर्न्टनमध्ये येते, म्हाताऱ्या आईला राहतं घर सोडायला राजी करायला. तीही जर्मनमध्येच. एकदा पलीकडे वस्ती केली की परतीचं तिकीट महाग होत जातं.

आणि एक गोष्ट मला खरोखर चुटपूट लावते. 'विस्मृतीचा देवदूत' २०१२ मध्ये स्लोव्हेनमध्ये आली. अनुवाद हादरलाप यांनी केलेला नाही, श्टेफान वेवार यांनी केला आहे. स्लोव्हेनमध्ये दोन कवितासंग्रह लिहिलेल्या बाईंची आजी, कोठीघराच्या दारात उभी राहून नातीला बोलावणारी, आपल्या भाषेत परत आली ती दुसऱ्याचं बोट धरून. लेपेनाच्या बोलीत ती कशी बोलत असेल, तिचे हेल काय असतील, हे फक्त एकाच माणसाच्या कानात आहे, आणि तो माणूस आता जर्मनमध्ये लिहितो.